जीर्ण झालेले नीट करणारी घरे





डिसेंबर हा आपल्यासाठी स्मरणाचा महिना. ६ डिसेंबरला आपण परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना अभिवादन करतो. २५ डिसेंबरला महाडच्या मनुस्मृती दहनाची आठवण करतो. आणि २६ डिसेंबरला? त्या दिवशी कॅनडात बॉक्सिंग डेचा सेल असतो. वर्षभर कुरकुर करणारी वस्तू घराबाहेर काढायची आणि नवी आणायची, असा या देशाचा रिवाज आहे. हळूहळू तो आपल्याही घराचा रिवाज होत चालला आहे. म्हणून या महिन्याच्या धम्मलेखात मी तुमच्याशी एका अगदी साध्या वस्तूबद्दल बोलणार आहे: स्वयंपाकघरात बंद पडलेल्या मिक्सरबद्दल.

हसू नका. हा विषय तथागतांच्या उपदेशाबाहेरचा नाही.

अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात कुलसुत्त नावाचे एक लहानसे सुत्त आहे. भरपूर संपत्ती मिळवलेली घराणी का टिकत नाहीत आणि जी टिकतात ती का टिकतात, हे भगवंत त्यात भिक्खूंना सांगतात. टिकणाऱ्या घराण्यांची चार लक्षणे त्यांनी दिली आहेत. ती हरवलेल्या गोष्टीचा शोध घेतात. जीर्ण झालेले दुरुस्त करतात. खाण्यापिण्यात प्रमाण राखतात. आणि घराचा कारभार शीलवान स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या हाती देतात. पाली शब्द 'जिण्ण', आपला 'जीर्ण'. अडीच हजार वर्षे झाली तरी शब्द फारसा बदललेला नाही.

या यादीत कोणताही यज्ञ नाही, ग्रहशांती नाही, मुहूर्त नाही. घर टिकवायचे असेल तर घरातल्या माणसांनी काय करायचे, एवढेच सांगितले आहे. आणि ज्या चार गोष्टींवर घर उभे राहते, त्यातली एक चक्क दुरुस्ती आहे. आपण पंचशील पाठ करतो, अष्टांगिक मार्ग समजून घेतो. पण घरातली मोडकी वस्तू नीट करणे हाही गृहस्थाच्या धम्माचा भाग आहे, हे आपल्या फारसे लक्षात येत नाही.

भिक्खूंसाठी तर याबाबत स्पष्ट नियमच आहे. विनयपिटकात त्याची हकिकत दिलेली आहे. कपिलवस्तूत एका कुंभाराने भिक्खूंना सांगितले होते, ज्याला पात्र हवे असेल त्याने माझ्याकडे मागावे. भिक्खूंनी प्रमाण सोडले. ज्याच्याकडे लहान पात्र होते त्याने मोठे मागितले, ज्याच्याकडे मोठे होते त्याने लहान मागितले. बिचारा कुंभार पात्रेच घडवत बसला. विकायला दुसरा माल करायला त्याला वेळ उरेना आणि त्याच्या बायकामुलांचे हाल होऊ लागले. लोकांनी तक्रार केली तेव्हा भगवंतांनी पात्र मागण्यालाच मनाई केली. पुढे एका भिक्खूचे पात्र फुटले. मनाई आहे म्हणून तो हातावर भिक्षा घेऊन खाऊ लागला. तेव्हा भगवंतांनी पात्र फुटले किंवा हरवले असेल तर मागण्याची परवानगी दिली. लगेच काही भिक्खू थोडासा टवका उडाला, थोडीशी चीर गेली म्हणून नवी पात्रे मागू लागले. कुंभाराचे पुन्हा हाल सुरू झाले. मग नियम झाला: ज्या पात्राला पाचापेक्षा कमी सांधे आहेत ते असताना भिक्खूने नवे पात्र घेऊ नये. घेतलेच तर ते संघापुढे ठेवावे. मग संघातले सर्वांत शेवटी उरलेले पात्र त्याला द्यावे आणि ते फुटेपर्यंत त्याने तेच वापरावे.

या नियमाचे कारण नीट पाहा. जुने म्हणजे पवित्र असे काही तथागतांनी म्हटलेले नाही. फुटक्या पात्रातच खा, असाही हट्ट नाही. एक कष्टकरी कुंभार आणि त्याची उपाशी मुले त्यांच्या डोळ्यांसमोर होती. आपण एखादी वस्तू सहज बदलतो, तेव्हा कुणाच्या तरी श्रमाचा भार वाढतो. तो माणूस आपल्याला दिसत नसला तरी असतोच.

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल, आणि तो रास्त आहे. मोडके, फुटके, टाकलेले वापरायला आमच्या पूर्वजांना शतकानुशतके भाग पाडले गेले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी काय लिहून ठेवले आहे? त्यांनी गावाबाहेर राहावे, मेलेल्यांचे कपडे घालावेत, फुटक्या भांड्यात अन्न खावे. फुटके भांडे ही आपल्यासाठी नुसती वस्तू नव्हती, ती आपल्यावर मारलेली खूण होती. आमच्या आईवडिलांनी पै-पै जमवून नवे कोरे स्टीलचे डबे मांडणीवर रांगेने लावले, ते उगाच नाही. त्या चकचकीत रांगेत स्वाभिमान होता. मग आज इतक्या दूर, चांगल्या पगारावर असताना पुन्हा मोडक्याचे कौतुक कशाला?

याचे उत्तर महाडमध्येच आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी ज्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, त्याच वेळी महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी उपदेश केला. स्वतःला अस्पृश्य समजू नका, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. आणि कपड्यांबद्दल म्हणाले की त्याला ठिगळे असली तर असू द्या, पण तो स्वच्छ असला पाहिजे. म्हणजे एकीकडे फुटके भांडे नशिबी लिहिणारा ग्रंथ त्यांनी अग्नीला दिला, आणि दुसरीकडे ठिगळाची लाज बाळगू नका असेही सांगितले. यात विसंगती नाही. दुसऱ्याने फेकलेले, त्याने ठरवले म्हणून आपण वापरणे ही गुलामी आहे. आपल्या मालकीची वस्तू आपल्या बुद्धीने, आपल्या हाताने ठाकठीक करून स्वच्छ वापरणे हा स्वाभिमान आहे. ठिगळ तेच असते, पण सुई कुणाच्या हातात आहे, यावर सगळे अवलंबून असते.

ही सुई, म्हणजे आजच्या घरातला स्क्रू ड्रायव्हर, हातात कशी धरायची ते आता पाहू.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी २३ किलोच्या बॅगेत जागा करून भारतातून आणलेला मिक्सर आहे. भारतातली वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची, कॅनडातली १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची. मिक्सरच्या मोटरला हर्ट्झच्या फरकाचा फारसा त्रास होत नाही, पण व्होल्टचा फरक मोठा आहे. म्हणून मध्ये व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो आणि त्याची क्षमता मिक्सरच्या वॉटपेक्षा बरीच जास्त असावी लागते, कारण सुरू होताना मोटर जास्त वीज ओढते. ७५० वॉटच्या मिक्सरला ७५० वॉटचाच ट्रान्सफॉर्मर लावला, तर तो तापतो आणि दोष मात्र मिक्सरवर जातो.

दुःख आहे हे मान्य करणे आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणे, हा धम्माचा पाया आहे असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडले आहे. मिक्सरपुढेही याच क्रमाने बसा. आधी प्लग काढा. मग नेमके काय बिघडले आहे ते पाहा. 'मिक्सर गेला' हे निदान नव्हे. मोटर अजिबात फिरत नाही का? मोटर फिरते पण पाते फिरत नाही का? ठिणग्या आणि जळका वास येतो का? भांड्याखालून पाणी गळते का? ही चार वेगळी दुःखे आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

मोटर अजिबात फिरत नसेल, तर आधी भिंतीवरचा प्लग आणि ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज बघा. मग मिक्सर उलटा करा. बऱ्याच मिक्सरच्या तळाला एक लहान लाल बटण असते. मोटरवर जास्त भार आला की ते आपोआप उडते आणि मोटर जळण्यापासून वाचते. मिक्सर थंड होऊ द्या, मग बटण दाबा. अनेक मिक्सर एवढ्यानेच सुरू होतात. पण ते बटण पुन्हा पुन्हा उडत असेल, तर नुसते दाबत राहू नका. भांडे काठोकाठ भरले जाते का, इडलीची डाळ पाणी न घालता घट्ट वाटली जाते का, ते पाहा. मी संगणक क्षेत्रात काम करतो. आमच्याकडेही बंद करून पुन्हा चालू करण्याची सवय आहे. त्याने काम तात्पुरते चालते, मूळ कारण जागेवरच राहते.

मोटर फिरते पण पाते फिरत नाही, असे असेल तर बहुधा कपलरचे दात झिजले आहेत. मोटरच्या डोक्यावर आणि भांड्याच्या बुडाला जी दातेरी चकती असते, ती म्हणजे कपलर. मोटरवरचे कपलर मुद्दाम नरम बनवलेले असते. पाते अडकले तर आधी हा स्वस्त भाग तुटावा आणि महागडी मोटर वाचावी, यासाठी. म्हणून नवे कपलर बसवण्याआधी भांडे उपडे करून त्याच्या बुडाची चकती बोटाने फिरवून बघा. ती सहज फिरत नसेल, तर आतल्या बुशमध्ये वाळलेले पीठ किंवा मसाला बसला आहे. कोमट पाण्याने तो सोडवा, स्वच्छ करा, खाण्याच्या तेलाचा एक थेंब सोडा. हे न करता नवे कपलर बसवले, तर तेही थोड्याच दिवसांत तुटेल. जे तुटले तेच दोषी असते असे नाही. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत आपण ऐकतो: कारण असले की परिणाम घडतो, कारण काढले की परिणाम थांबतो. तो ओट्यावरच्या भांड्यालाही लागू आहे, आणि खरे तर घरातल्या माणसांनाही. घरात नेहमी जो चिडतो, रडतो, गप्प होतो, त्याच्याकडे आपण 'बिघडलेला' म्हणून बोट दाखवतो. अडकलेले पाते अनेकदा दुसरीकडेच असते.

कपलर काढताना एक लक्षात ठेवा. मोटरच्या फिरण्याने ते सैल न होता घट्ट होत जावे, अशा बेताने त्याचे आटे पाडलेले असतात. त्यामुळे ते सोडवण्याची दिशा नेहमीच्या स्क्रूसारखी असेलच असे नाही. जोर लावण्याआधी आपल्या मॉडेलची दिशा शोधा. बळ वापरण्याआधी समजून घेणे ही प्रज्ञाच आहे.

ठिणग्या आणि वास येत असेल, तर मोटरमधले कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. कांडीसारखे हे दोन तुकडे असतात. ते नेहमी जोडीने बदलावेत. जुन्यांची लांबी, रुंदी, जाडी मोजून ठेवली, तर भारतातून येणारे कुणीही खिशातून आणू शकते. आणि भांड्याखालून पाणी गळत असेल, तर मिक्सर चालवणे तिथेच थांबवा, कारण ते पाणी सरळ मोटरमध्ये जाते. त्या भांड्याचा बुश आणि वायसर बदला. तोवर दुसरे भांडे वापरा.

इथे मर्यादाही सांगितली पाहिजे. आपले पहिले शील प्राण्याची हिंसा न करण्याचे आहे, आणि त्यात आपला व आपल्या घरच्यांचा जीवही आला. मायक्रोवेव्ह घरी उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही प्राणघातक वीज साठलेली असू शकते. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी दुसरे काहीही बसवू नका. त्याच मॉडेलचा नवा व्हॉल्व्ह मिळत नसेल, तर कुकर वापरणे बंद करा. वायरचे आवरण फाटले असेल, तर चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका, वायरच बदला. बॅगेतून आणलेल्या उपकरणांवर कॅनडाच्या विद्युत सुरक्षेची खूण नसते. तेव्हा ती चालू ठेवून खोलीबाहेर जाऊ नका. जिथे आपले ज्ञान संपते तिथे जाणकाराला विचारावे. काटकसरीच्या नावाखाली जीव धोक्यात घालणे हे कुशल कर्म होऊ शकत नाही.

आता टाकण्याकडे वळू. 'फेकून द्या' म्हणतो तेव्हा वस्तू जाते कुठे? हॅलिफॅक्समध्ये राहणाऱ्यांना याचे उत्तर आपल्या शहराच्या इतिहासातच सापडेल. बेडफर्ड बेसिनच्या काठावर आफ्रिकव्हिल नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. तिथले लोक कर भरत होते, पण शहराने त्यांना नळाचे पाणी आणि गटारे दिली नाहीत. १९५० च्या दशकात शहराचा उघडा कचरा डेपो मात्र त्यांच्या वस्तीजवळ आणून ठेवला. १९६० च्या दशकात घरे पाडली गेली, तेव्हा लोकांचे सामान शहराच्या कचऱ्याच्या ट्रकमधून हलवले गेले. शहराने याबद्दल माफी मागितली ती २०१० मध्ये. आज तिथे त्यांच्या चर्चची प्रतिकृती उभारून संग्रहालय केलेले आहे. तुम्ही अजून गेला नसाल, तर मुलांना घेऊन जरूर जा. महारवाडा गावाबाहेर का होता, हे कॅनडात वाढलेल्या मुलांना समजावणे कठीण जाते. आफ्रिकव्हिल पाहिल्यावर ते सोपे होते. ज्यांना समाज खालचे मानतो, त्यांच्याच दारात तो आपला कचरा नेऊन टाकतो. मनूच्या गावातही हेच होते.

आणि हे संपलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातल्या पाव हिश्श्याहूनही कमी कचऱ्याचे रीतसर पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत गरीब माणसे अशी यंत्रे उघड्या हातांनी फोडून त्यातले तांबे वेगळे करतात. तुमचा मिक्सर तिथेच जाईल असे मी म्हणत नाही. पण तो जिथे जाईल तिथे कुणाचा तरी हात त्याला लागणार, हे नक्की. कपिलवस्तूच्या कुंभाराला तथागतांनी नजरेआड केले नाही. मग आपण या हातांना नजरेआड कसे करायचे?

आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्याला जवळची आहे. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. डोक्याने काम करणारे वर, हाताने काम करणारे खाली, आणि मोडलेल्या, मळलेल्या वस्तूंना हात लावणारे सर्वांत खाली, अशी ती उतरंड. आपण शिकलो, इंजिनिअर झालो, परदेशी आलो. पण हाताला तेल आणि काजळी लागण्याची लाज आपल्या मनात शिरली असेल, तर ती उतरंडही आपल्याबरोबर विमानात बसून आली आहे. म्हणून मुलांसमोर मिक्सर उघडा. मुलांना कळू द्या की विचार करणारे डोके आणि काम करणारा हात एकाच माणसाचे असतात.

आणि मुलीच्या हातात स्क्रू ड्रायव्हर द्या, मुलाच्या हातात धुवायचे भांडे. कुलसुत्तातले चौथे लक्षण आठवा. घराचा कारभार शीलवान स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या हाती असावा, असे भगवंत म्हणतात, आणि तिथे स्त्रीचा उल्लेख आधी येतो. रोज त्या मिक्सरवर वाटण वाटणाऱ्या आईला किंवा पत्नीला न विचारता, 'कशाला कटकट, नवा घेऊ' म्हणणारा पुरुष तिचा त्रास वाचवतो असे त्याला वाटते. तिला आधी विचारा. मिक्सर कधीपासून आवाज करतोय, कोणत्या भांड्यात करतोय, हे तिला बहुधा माहीत असते. दुरुस्तीची निम्मी माहिती तिथेच मिळते.

शेवटी अनित्यतेबद्दल. दुरुस्ती म्हणजे वस्तूला चिकटून बसणे नव्हे. मोटरची कॉइल जळली, सुटा भाग कुठेच मिळत नाही, तर वस्तूचा निरोप घ्यावा. राजा उदेनाने आयुष्मान आनंदांना विचारले होते, एवढी चीवरे मिळाली, त्यांचे काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना देऊ. मग जुन्या चीवरांचे? त्यांच्या अंथरुणावरच्या चादरी करू. त्या जुन्या झाल्या की? बसकरे, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि तीही विरली की कुटून चिखलात मिसळून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले. वस्तू अनित्य आहे, म्हणूनच तिच्या प्रत्येक अवस्थेत तिचा योग्य उपयोग करायचा. बंद पडलेल्या मिक्सरची भांडी, झाकणे, वायर दुसऱ्या कुणाच्या कामी येऊ शकतात. उरलेले साध्या कचऱ्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक वस्तू स्वीकारणाऱ्या केंद्रात नेऊन द्यावे.

उपासक-उपासिकांनो, या महिन्यासाठी एक लहानसा संकल्प करू या. सेलला जाण्याआधी घरातली एक बंद वस्तू निवडा. सगळे मिळून तिच्याभोवती बसा, तिच्या दुःखाचे कारण शोधा. नीट झाली तर वापरा. नाही झाली तर का नाही झाली, ते मुलांना सांगा. वंदनेला जमतो तेव्हा अर्धा तास यासाठी ठेवता येईल. नव्याने आलेले विद्यार्थी भाड्याच्या खोलीत एकाच कुकरवर दिवस काढतात. त्यांना कुकरची रिंग बसवून देणे हेही दानच आहे, आणि ज्याला येते त्याने ते इतरांना शिकवणे हे त्याहून मोठे दान. संपत्ती आपण मिळवली. ती टिकवणारी घरे कशी असतात, ते तथागतांनी सांगून ठेवले आहे.

भवतु सब्ब मंगलं.

जय भीम! नमो बुद्धाय!